नातीचा उजवा हात

रविवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. अमरावतीच्या फुलबाजारात भगवंतराव झेंडूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाची फुलं वर काढत आहेत. वरची फुलं सगळेच पाहतात. माल कसा आहे ते तळाशी कळतं. शेवंतीचे दोन क्रेट त्यांनी आधीच घेतले आहेत, आणि निशिगंध ओल्या पोत्याखाली झाकून ठेवला आहे.

त्यांच्या ओट्यावर भिंतीला पाठ टेकून दहा वर्षांची खुशी बसली आहे. ती त्यांची नात. डाव्या हाताने ती गुलाबाच्या खालच्या पाकळ्या काढते आहे. उजवा हात मांडीवर उताणा पडला आहे, कुणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा. मनगटाला हळदीने पिवळं झालेलं फडकं आहे.

शेजारच्या ओट्यावरून देवमनने विचारलं, "काय म्हन्ते नातीचा हात?"

"बरा हाये."

"सूज उतरली?"

"हाव. उतरली."

सूज कधी आलीच नव्हती. खुशीच्या हाताला काहीही झालेलं नाही. बाजारात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक आहे, आजोबांना आणि नातीला. बुधवारी खुशी आईबरोबर आयर्लंडला परत जाणार आहे. त्याआधी भगवंतरावांना आपलं खोटं परत घ्यायचं आहे, आणि तेही जिथे ते पसरलं तिथे, चार लोकांसमोर. शुक्रवारपासून ते रोज तसं ठरवून घरून निघतात. रोज कुणीतरी हाताची चौकशी करतं, ते "बरा हाये" म्हणतात आणि दुपारी घरी जातात.

भगवंतराव सहासष्ट वर्षांचे आहेत. मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातले. वडिलांचा लहानसा मळा होता; त्यात वांगी, मेथी आणि बांधाच्या कडेला गलांड्याची फुलं. थोरल्या भावाने मळा सांभाळला आणि भगवंतराव फुलांची टोपली घेऊन अमरावतीला आले. त्यांचे हार सुबक असतात, पण बाजारात त्यांच्याहून चांगले ओवणारे दोघे-तिघे आहेत, हे ते स्वतःच सांगतात. भाव ठरल्यावर ते घासाघीस करत नाहीत. रागावतही नाहीत. फक्त कुणी हसलं की त्यांचे कान लाल होतात. "भगवंताले हसू नोका, थो दुकान बंद करन," असं बाजारात गमतीने म्हणतात. दुकान नाही, पण एकदा त्यांनी एक वाट अशीच बंद केली होती.

मुलगा जीवन अकोल्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा कॉलेजात पालकांची सभा भरली. भगवंतराव उभे राहून म्हणाले, "मले एक विचाराचं हाये." मंचावर पुण्याहून आलेल्या एक पाहुण्या बाई बसल्या होत्या. त्या हसल्या. वाईट हेतूने हसल्या असतील असं नाही. भगवंतराव प्रश्न न विचारताच खाली बसले. त्या कॉलेजात ते पुन्हा गेले नाहीत, मुलाच्या पदवीदानालाही नाही. काय विचारायचं होतं, ते त्यांना आता आठवत नाही. बाईंचं हसू आठवतं.

जीवन आता गॉलवेजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करतो. सून रूपाली नर्स आहे, माहेर अकोल्याचं. गॉलवे शहरापासून बसने अर्ध्या तासावर त्यांचं गाव आहे. दर शनिवारी सकाळी साडेदहाला गावच्या शाळेत आयरिश गाण्याबजावण्याचे वर्ग भरतात. शिकवणारी माणसं गावातलीच. फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकवणारा आठवडाभर दुधाची गाडी चालवतो. टिनची बासरी एक निवृत्त ग्रंथपाल शिकवतात. नाच शिकवणाऱ्या मॉरीनबाई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. सुरावट कागदावर कुणी देत नाही. शिकवणारा चार ओळी वाजवतो, मुलं तेवढ्याच ओळी परत वाजवतात, चुकली की तो पुन्हा वाजवतो. गावातले आजोबा आणि त्यांची नातवंडं एकाच बाकावर शिकायला बसतात. जीवनही तिथे डफासारखं एक चामड्याचं वाद्य शिकतो. अमरावतीत असेपर्यंत त्याने भजनात टाळही धरला नव्हता.

खुशी आधी बासरीला बसली. मग हॉलमधून बुटांचा आवाज यायला लागला आणि ती तिकडे गेली. या नाचाचे बूट जड असतात, टाचेला आणि चवड्याला टणक तुकडे लावलेले. लाकडी जमिनीवर ते ताशासारखे वाजतात.

तिथले साडेदहा म्हणजे इथे उन्हाळ्यात दुपारचे तीन, हिवाळ्यात चार. त्या वेळी फुलांना गिऱ्हाईक नसतं. रूपाली हॉलमधून फोन लावायची. भगवंतराव मोबाइल पाण्याच्या झारीला टेकवून ठेवायचे आणि सुई चालवता चालवता वर्ग पाहायचे. पण वर्गात दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे मोबाइलवर घ्यायला मनाई आहे. म्हणून रूपाली फोन खाली जमिनीवर, बाटलीला टेकवून ठेवत असे. त्यात फक्त पाय दिसत. दोन वर्षं भगवंतरावांनी आयर्लंडचा नाच गुडघ्यांखालून पाहिला.

तेवढा मात्र मन लावून पाहिला. बारा-पंधरा पोरांच्या पायांतून ते खुशीचे पाय ओळखत, कारण तिचा डावा मोजा नेहमी खाली घसरलेला असे. कुठल्या ठिकाणी ती अर्धी मात्रा मागे पडते तेही त्यांना कळायला लागलं होतं. "पाय पाहा, पाय," असं म्हणत ते गिऱ्हाइकांना मोबाइल दाखवायचे. देवमनलाही दाखवायचे. "हे तं घोडी टापा टाकू राहिली," असं देवमन म्हणायचा, आणि भगवंतरावांना ते आवडायचं.

यंदा तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, रूपाली खुशीला घेऊन आली. जीवनला रजा मिळाली नाही. त्याच सुमारास समाजाच्या मंडळाचा गुणवंतांच्या सत्काराचा कार्यक्रम होता: दहावी-बारावीची मुलं, पेढे, नारळ, आणि मध्ये लहान मुलांचे नाच. मंडळाचे अध्यक्ष वामनराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. भगवंतराव स्वतःहून त्यांच्याकडे गेले आणि नातीचं नाव देऊन आले. त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं वामनरावांना आठवत नव्हतं. त्यांनी लगेच होकार दिला.

रूपाली दोन दिवस आधी अकोल्याला गेली होती, तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात खुशीबरोबर आजोबा आणि आजी माणिकबाई हे दोघंच होते.

खुशीने मंच तपासला. वर गालिचा होता, खाली फळ्या. गालिचावर बूट वाजणार नाहीत, असं तिने सांगितलं. भगवंतरावांनी स्वतः मंचावर चढून गालिचा गुंडाळला. खालून कुणीतरी "वा भगवंतभाऊ, मंडप डेकोरेशन पण तुमचंच काय?" म्हणालं, तेव्हा तेही हसले. त्या दिवशी ते आनंदात होते. नखांतला झेंडूचा पिवळा रंग त्यांनी लिंबाने घासून काढला होता.

खुशीच्या आधी सहा मुली एका सिनेमाच्या गाण्यावर नाचल्या. सहा मुली, बारा हात, आणि हातांतून चमकीच्या ओढण्या. टाळ्या झाल्या. मग वामनरावांनी "सातासमुद्रापलीकडून आलेली आपली लेक" असं म्हणून खुशीचं नाव घेतलं. स्पीकरमधून फिडल सुरू झालं. खुशी मंचाच्या मधोमध आली, पाठ ताठ केली, दोन्ही हात अंगाला लावून सरळ खाली सोडले, आणि पाय सुरू झाले.

पाय तेच होते. दर शनिवारी पाहिलेले. फळ्या खणखण वाजत होत्या. डावा मोजा घसरला होता. पण कमरेच्या वर काहीच हलत नव्हतं. हात लाकडाचे असावेत तसे. चेहराही समोर, स्थिर. हे भगवंतराव आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

मागच्या खुर्च्यांत कुजबुज झाली.

"हात काहून हालवत नाही वं?"

"भेली असन."

"बांधले काय कोनं?"

एका पोराने शिट्टी मारली. मग देवमनचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला: "भगवंतभाऊ, पोट्टीचे हात आयर्लंडलेच राह्यले काय?"

हॉल हसला. साडेतीनशे माणसं एका वेळी हसली की मोठा आवाज होतो. भगवंतराव मंचाच्या पायरीशी उभे होते. निवेदिकेच्या हातातला माइक त्यांनी घेतला. तो त्यांनी आजवर कधी हातात धरला नव्हता.

"मंडळी, माफ करा," ते म्हणाले. "पोरीच्या हाताले मार लागला हाये. म्हनून हात हालवत नाही. तरी बी नाचू राहिली."

हसू थांबलं. क्षणभर नुसते बूट ऐकू आले. मग टाळ्या सुरू झाल्या, आधीच्या सहा मुलींना मिळाल्या त्याहून कितीतरी जास्त. बायकांनी "माय वं" केलं. खुशीचा पाय एकदा चुकला. जिथे ती नेहमी मागे पडायची ती जागा ही नव्हती. मग तिने नाच शेवटपर्यंत पूर्ण केला, वाकून नमस्कार केला, आणि पायऱ्या उतरताना डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

तिला मराठी येत नाही असं हॉलमधल्या बऱ्याच लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात तिच्या घरी वऱ्हाडीच बोलतात. तिला सगळं समजलं होतं.

वामनरावांनी एक जादा स्मृतिचिन्ह शिल्लक होतं ते काढलं आणि जागच्या जागी "जिद्द पुरस्कार" जाहीर केला. खुशीने तो डाव्या हाताने घेतला. फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर होता. खाली मजकूर: "हाताला गंभीर दुखापत असूनही नृत्य." "गंभीर" हा शब्द वामनरावांचा.

घरी जाताना स्कूटरवर पुढे भगवंतराव, मध्ये खुशी, मागे माणिकबाई. राजापेठजवळ खुशीने विचारलं, "आबा, कोणता हात?"

"काय?"

"मार लागला थो. उजवा का डावा?"

भगवंतरावांनी स्कूटरचा वेग कमी केला.

"उजवा," ते म्हणाले.

"बरं," खुशी म्हणाली.

माणिकबाई घरी आल्यावर बोलल्या. "कायले बोलले असं?"

"लोक हसू राहिले होते."

"हसू देते! हसून दात पडते काय त्याइचे?"

"तुले नाही समजत."

"मले नाही समजत, पन पोरीले समजलं," माणिकबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. या गल्लीत कुणाला काही लागलं की हात हलवत कुणी येत नाही. कुणी केळी आणली, कुणी तेल. मागच्या घरातल्या पार्बताबाई आंबेहळद उगाळून घेऊन आल्या. पार्बताबाई पंच्याहत्तरीच्या आहेत आणि मुरगळलेले पाय चोळण्यासाठी गल्लीत प्रसिद्ध आहेत. त्यांनी खुशीचा हात मांडीवर घेतला आणि दाबून दाबून विचारलं, "अथी दुखते काय? अन् अथी?"

खुशीने आजोबांकडे पाहिलं. भगवंतराव दाराजवळ उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"थोडं थोडं दुखते," खुशी म्हणाली.

"पाहा! मी म्हन्लं नाई!" पार्बताबाईंनी लेप लावला आणि फडकं बांधलं. त्या रोज येऊ लागल्या. घरात बाहेरचं कुणी नसलं की खुशी दोन्ही हातांनी जेवायची, दोन्ही हातांनी आजीची वेणी घालायची. फाटकाची कडी वाजली की उजवा हात खाली पडायचा. दोन-तीन दिवसांत तिला याची इतकी सवय झाली की कडी न वाजताही हात खालीच राहू लागला. बूट पिशवीत होते. ते तिने पुन्हा काढले नाहीत.

बुधवारी अकोल्याहून रूपालीचा फोन आला. मंडळातल्या कुणाचीतरी बहीण अकोल्यात राहते, तिच्याकडून फोटो रूपालीच्या माहेरी पोहोचला होता. "बाबा, खुशीच्या हाताले काय झालं? गंभीर म्हणजे काय? मले कोणी सांगतलं काहून नाही?"

त्या वेळी पार्बताबाई आणि आणखी दोघी समोर बसल्या होत्या. भगवंतराव म्हणाले, "थोडसं हाये. बरं होऊन राहिलं."

सुनेशीही ते खोटं बोलले. याचं त्यांना नंतर जास्त वाटलं. कार्यक्रमातलं वाक्य तोंडातून निसटलं होतं; हे निसटलेलं नव्हतं.

रूपाली गुरुवारी सकाळच्या गाडीने निघाली. बडनेऱ्याला उतरून, ऑटो करून दहाच्या आत घरी; ती येणार म्हणून भगवंतराव बाजारातून लवकर आले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने फडकं सोडलं. बोटं, मनगट, कोपर, खांदा, सगळं क्रमाने पाहिलं, जसं ती कामावर रोज पाहते. "मूठ वळ. उघड. मले ढकल. जोरात." खुशीने ढकललं. रूपाली मागे सरकली.

"बाबा," ती म्हणाली, "लागलं कोठं?"

"कोठीच नाही," भगवंतराव म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते खुशीकडे पाहत नव्हते.

"पन तुम्ही तं दोन वर्षं पाहू राहिले ना तिचा नाच?"

"पाय पाहिले."

रूपालीने तोंडावर हात ठेवला. आपण फोन कुठे ठेवत होतो, हे तिला तेव्हा आठवलं. मग म्हणाली, "बाबा, तिथं हात असेच ठेवतात. सगळेच. थोच थो नाच हाये."

"मले आता समजलं."

"नाही, तुम्हाले नाही समजलं. पहिल्या दिवशी हिचे हात तं गरबा खेळू राहिले होते. वर्गातल्या पोरी हसल्या. मॉरीनबाईनं दोन्ही काखेत एक-एक पेपर धराले लावला. हात हालला का पेपर खाली. अख्खा हिवाळा पेपर पडू राहिले होते. घरी येऊन रडे. अन् ज्या दिवशी नाही पडला, थ्या दिवशी तिनं सगळ्यात पहिले तुम्हालेच फोन केला. आठवते?"

भगवंतरावांना आठवलं. ते त्या वेळी हार ओवत होते. "आबा, आज माझा पेपर नाही पडला," असं खुशी ओरडून म्हणाली होती. त्यांना वाटलं शाळेतली परीक्षा. ते म्हणाले होते, "शाब्बास. किती मार्क भेटले?"

खुशीने तेव्हा काय उत्तर दिलं ते त्यांना आठवेना. त्यांनी तिला विचारलं.

"मी म्हन्लं, सगळे," खुशी म्हणाली.

म्हणजे तेव्हाही तिने त्यांची चूक सांभाळून घेतली होती. जी गोष्ट शिकायला पोरीला अख्खा हिवाळा लागला, तिच्याबद्दल त्यांनी साडेतीनशे माणसांची माफी मागितली होती. भगवंतराव उठून मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. बाहेर आले तेव्हा रूपाली म्हणाली, "लोकायले तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. अन् खुशीनं तं नाहीच सांगायचं. बुधवारपर्यंत पोरगी असाच हात धरून बसणार काय?"

"सांगतो."

शुक्रवारी त्यांनी सांगितलं नाही. बाजारात गर्दी होती. शनिवारी गर्दी नव्हती, तरी सांगितलं नाही. घरी येऊन ते नेहमीसारखे जेवले. रूपालीने त्यांना वाढलं आणि बुधवारच्या प्रवासाची बॅग भरायला घेतली. रविवारी पहाटे ते निघाले तेव्हा खुशी दारात चपला घालून उभी होती. "मी पण येतो," ती म्हणाली. ती बोलताना नेहमी आजोबांसारखं "येतो" म्हणते. जाताना तिने स्वतःच फडकं बांधायला आजीपुढे हात केला. भगवंतरावांनी ते पाहिलं. नको म्हणाले नाहीत.

तर आता साडेसहा वाजले आहेत. लिलाव संपला आहे. ओट्यांसमोर चहा फिरतो आहे. देवमन पेल्यात बिस्कीट बुडवत खुशीला विचारतो आहे, "तुमच्या तिकडे झेंडू भेटते काय वं?"

"भेटतो. पन वास नाही येत," खुशी म्हणाली.

तेवढ्यात पार्बताबाई आल्या. त्यांना पूजेची फुलं हवी होती, पण आधी त्यांनी खुशीचा हात हातात घेतला. "वळ मूठ, माय. नाई वळत? पाहा भगवंता, आठ दिवस झाले, मुठी नाई वळत पोरीची. मी काल अचलपूरले निरोप धाडला. तथी एक हाड बसवनारा हाये. आज दुपारच्या एष्टीनं येऊन राहिला. एक झटका देते थो, बस. दुखते, पन एकदाच."

खुशीने हात मागे घेतला नाही. तिने भगवंतरावांकडे पाहिलं. पहिल्या दिवशी घरी, दाराजवळ त्यांनी मान खाली घातली होती, तेव्हा जसं पाहिलं होतं तसंच.

"बोलावू नोका त्याले," भगवंतराव म्हणाले.

"काहून? पैसे नाई घेत थो."

"तिच्या हाताले काई झालं नाई."

"मंग मुठी काहून नाई वळत?"

"मी खोटं बोललो. त्या दिवशी. माइकवर. हाताले काईच लागलं नव्हतं."

चहावाल्याने किटली खाली ठेवली. देवमनच्या पेल्यात बिस्कीट विरघळलं.

"म्हंजे?" देवमन म्हणाला. "पोट्टीले नाचता येत नाई म्हनून?"

"येते. चांगलं येते. तिकडे हात असेच ठेवतात. हात हालवला तं चूक. मले माहीत नव्हतं, मी नुसते पाय पाहात होतो. तुमी हसले, अन् मले लाज वाटली."

"कायची लाज?"

भगवंतरावांचे कान लाल झाले होते. "पोरीची" असं म्हटल्यावाचून उत्तर पूर्ण होत नव्हतं, आणि पोरगी दोन हातांच्या अंतरावर बसली होती.

"पोरीची," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. पार्बताबाईंनी खुशीच्या मनगटाचं फडकं सोडायला सुरुवात केली. गाठ घट्ट होती, त्यांनी ती दातांनी सोडवली. मग फडकं भगवंतरावांच्या अंगावर फेकलं.

"तुले लाज वाटली! अन् मी आठ दिवस आंबेहळद उगाळू राहिली, थे? माह्या हाताचे घट्टे पाहा. मेल्या, पोरीले तरी इचारलं असतं!"

"चुकलं माह्यं."

"मले नोको सांगू. तिले सांग."

भगवंतराव खुशीकडे वळले. त्यांनी फडक्याची घडी केली. खुशी वाट पाहत होती.

"चुकलं बेटा," ते शेवटी म्हणाले.

खुशीने मान हलवली. ती माफी होती की नुसतं ऐकल्याची खूण, ते सांगता येणार नाही. मग म्हणाली, "थो पुरस्कार वापस द्यायचा हाये मले."

भगवंतरावांनी तिथेच वामनरावांना फोन लावला. वामनराव फिरायला निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भगवंतराव, झालं ते झालं," ते म्हणाले. "आता कशाला उकरता? गटावर फोटो गेला, पेपरातही देऊन ठेवलंय. समाजाचंच नाव झालं ना?"

"मंग गटावर मी सांगतो," भगवंतराव म्हणाले. त्यांना टाइप करता येत नाही. देवमनने त्यांच्या मोबाइलवर आवाजाचं बटण दाबून धरलं, आणि भगवंतरावांनी जे बाजारात सांगितलं तेच, "मले" आणि "तिले" सकट, गटाला सांगितलं. एका ठिकाणी अडखळले. देवमनने विचारलं, "पुसून नवीन करू काय?" ते म्हणाले, "नाई. जाऊ दे." सात वाजता तो आवाज साऱ्या गटाकडे गेला. पहिलं उत्तर एक हसरा चेहरा होता. भगवंतरावांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

देवमनला गप्प राहणं जमत नाही. तो खुशीला म्हणाला, "मंग आता एक डाव दाखव ना नाचून. आता आमाले समजलं. नीट पाहू."

"नाई," खुशी म्हणाली.

"काहून वं?"

"तुमी हसता."

रिकामा पेला चहावाल्याला देऊन देवमन आपल्या ओट्यावर जाऊन बसला. आयर्लंडचे हात ही कोटी त्याचीच होती, आणि त्या आठवड्यात त्याने ती चार जागी सांगितली होती.

गिऱ्हाईक सुरू झालं. एका देवळाचा मोठा हार द्यायचा होता. खुशीने हळदीने पिवळं झालेलं मनगट फ्रॉकला पुसलं, दोन्ही हातांनी सुई आणि दोरा जुळवला आणि ओवायला बसली. तिचा टाका सैल होता. भगवंतरावांनी तो घट्ट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आठच्या सुमारास ती म्हणाली, "मी उद्या पण येतो."

भगवंतरावांनी तिला सांगितलं की मग लवकर उठावं लागेल. उद्या श्रावणातला सोमवार आहे. बेलाच्या गाड्या आधी येतात, म्हणून फुलबाजार पाचऐवजी चारला उघडतो.